उस्ताद मन्सूरची प्राणिचित्रे: प्रतिमा, पार्श्वभूमी आणि पशुपक्षी यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जहांगीर बादशहाच्या चित्रशाळेतल्या उस्ताद मन्सूरवर मी बोलते आणि त्याची चित्रे समोर ठेवून पक्षी रंगवायला शिकवते. त्यानंतर येणारे प्रश्न बरेचसे तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत, पुढचे चित्रे थोडीफार पाहिलेल्यांचे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. उस्ताद मन्सूर नेमका कोण होता?

मुघल दरबारातला चित्रकार. कारकीर्द अकबराच्या चित्रशाळेत सुरू झाली आणि जहांगीरच्या काळात, म्हणजे १६०५ ते १६२७ या वर्षांत, बहरली. अकबराकडे चित्र सहसा एकट्याचे नसे. एकजण आराखडा आखायचा, दुसरा रंग भरायचा, आणि महत्त्वाचे चेहरे कधी कधी तिसऱ्याकडे जायचे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये अकबरनाम्याची, म्हणजे अकबराच्या कारकिर्दीच्या इतिहासाची, ११६ चित्रे आहेत. त्यांवरच्या नोंदींत मन्सूरचे नाव येते ते अशा सामूहिक कामातला एक हात म्हणून. बाबरनाम्याच्या, म्हणजे बाबराच्या आठवणींच्या, सचित्र प्रतींमध्ये मात्र त्याच्याकडे पशुपक्षी येऊ लागले. जहांगीरने त्याला ‘नादिर-उल-अस्र’, म्हणजे ‘युगातला अद्वितीय’, हा किताब दिला, आणि १६१८ च्या सुमारास आपल्या आठवणींत लिहून ठेवले की रेखाटनात या पिढीत त्याला तोड नाही.

२. ही चित्रे कशावर आणि कोणत्या रंगांनी काढलेली आहेत?

वसलीवर. हाताने केलेल्या कागदाचे थर खळीने चिकटवून वसली बनते आणि अकीकाच्या दगडाने घोटून ती गुळगुळीत करतात. रंग खनिज आणि वनस्पतिजन्य असत: हिंगुळाचा लाल, लाजवर्दाचा निळा, हरताळाचा पिवळा, जंगालाचा हिरवा, सफेदा, काजळीची शाई. ते डिंकाच्या पाण्यात खलले जात. कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा. शेवटचे नाजूक काम परदाजाचे, म्हणजे इतक्या बारीक रेषा आणि ठिपके एकमेकांशेजारी मांडायचे की ते वेगळे न दिसता छटा म्हणून दिसतात. पिसांचा मऊपणा या परदाजातून येतो.

३. मन्सूरच्या पक्ष्यांमागे काहीच का नसते? चित्र अपुरे राहिले असेल का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचाही हाच. चित्र अपुरे नाही.

आधी मन्सूर कुठून आला ते पाहा. अकबराच्या काळातल्या चित्रात कागदाचा कोपरान्‌कोपरा भरलेला असे. खडक, झाडे, तंबू, घोडे, पळणारी माणसे, वर शहर. तिथे प्राणी हा गोष्टीतला एक घटक होता. हत्ती युद्धासाठी, काळवीट शिकारीसाठी. बाबरनाम्याच्या चित्रांत प्राण्यांकडे अधिक लक्ष आहे, पण तिथेही मागे झुडपे, ओढा, टेकडी आहेच. हे सगळे मन्सूरला येत होते, त्याने ते वर्षानुवर्षे केले होते. तेव्हा पार्श्वभूमी जमत नव्हती म्हणून त्याने सोडली, हे म्हणणे टिकत नाही.

जहांगीरच्या काळात चित्राचे कामच बदलले. बादशहाला गोष्ट नको होती, समोर आणलेला हा एक जीव जसाच्या तसा जपून ठेवायचा होता. मग गोष्ट सांगणारे जे जे होते ते गळून पडले. राहिला फिकट बदामी रंगाचा कागद, पायांखाली जमिनीची अरुंद पट्टी, कधी एखादे फुलझाड, कधी वर उडणारे फुलपाखरू. सावली नाही, आकाश नाही, क्षितिज नाही. त्यामुळे पाहणाऱ्याला प्राण्याच्या बाह्यरेषेवरून नजर फिरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. चोच कपाळाला कुठे मिळते, पोटरीचा रंग कुठे बदलतो, नखे किती वळलेली आहेत, हे आपण वाचू लागतो.

रिकाम्या जागेवर चित्रकाराला लपायलाही जागा उरत नाही. गवतात पाय बुडवता आले तर बोटांची रचना चुकलेली खपते. मन्सूरने पाय उघडे ठेवले. इंग्लंडमधल्या विंडसरच्या राजसंग्रहातला त्याचा शॅमेलिऑन सरडा पाहा, साधारण १६१२ चा. तिरकी फांदी, थोडी पाने, बाकी कोरा कागद. त्या सरड्याची बोटे दोन गटांत विभागून फांदीला चिमट्यासारखी धरतात, आणि ती पकड इतकी नेमकी आहे की फांदीचा गोलावासुद्धा बोटांवरून कळतो.

४. पण मी पाहिलेल्या चित्रांत चारही बाजूंनी फुलांची भरगच्च सोनेरी नक्षी होती. मग रिकामी कशी?

तो हाशिया आहे, म्हणजे चित्राभोवतीची सजवलेली किनार. सुटी चित्रे मुरक्क्यात, म्हणजे संग्रहाच्या वहीत, बसवताना ती जोडली जाई. हे काम वेगळ्या कारागिरांचे असे आणि अनेकदा चित्रानंतर बरेच उशिरा, शाहजहानच्या काळात किंवा त्याहून पुढे झालेले. चित्र आणि हाशिया यांच्या मधे बारीक रंगीत रेषांची चौकट असते. पार्श्वभूमीबद्दल काहीही ठरवायच्या आधी त्या चौकटीबाहेरचे सगळे हाताने झाका. चित्र एकदम शांत होते.

५. मोकळी पार्श्वभूमी ही कल्पना युरोपातून आली, हे खरे का?

काही अंशी खरे. १५८० मध्ये गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री फतेहपूर सिक्रीला पोहोचले. त्यांनी अँटवर्पला छापलेले, कोरीव चित्रांचे बायबल अकबराला भेट दिले. पुढेही युरोपीय छापचित्रे दरबारात येत राहिली आणि चित्रकारांनी ती मन लावून पाहिली. कोऱ्या पानावर एकच वनस्पती किंवा एकच प्राणी आणि भोवती एखादा कीटक, ही मांडणी युरोपच्या निसर्गविषयक छापचित्रांतली आहे.

पण त्याच चित्रशाळेत नीम-कलम ही इराणी वळणाची पद्धतही रुजलेली होती: कागदाचा रंग तसाच ठेवायचा, शाईने रेखाटायचे आणि मोजक्या जागी हलका रंग द्यायचा. मन्सूरच्या हातात या दोन्ही गोष्टी होत्या. छापचित्रातला प्राणी पुष्कळदा दुसऱ्या छापचित्रावरून काढलेला असे, मन्सूरचा समोरच्या जिवावरून. इंग्लंडमध्ये जॉर्ज स्टब्ज या चित्रकाराने ‘व्हिसलजॅकेट’ नावाचा घोडा संपूर्ण कोऱ्या पार्श्वभूमीवर रंगवला तो १७६२ च्या सुमारास. त्या चित्राचे धाडस म्हणून आजही कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. फक्त मन्सूरचा झेब्रा (प्रश्न १०) त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षे आधीचा आहे, हेही त्याच दमात सांगितले जावे, असे मला मनापासून वाटते.

६. ताई, पांढरा पक्षी कोऱ्या कागदावर उठून कसा दिसतो? माझा बगळा दिसेनासाच होतो.

कारण तुमचा कागद पांढरा आहे. मन्सूरचा नाही.

कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये त्याचा सायबेरियन क्रौंच आहे. कागदाचा रंग बदामीकडे झुकणारा, म्हणून सफेदा हाच तिथला सर्वांत उजळ रंग ठरतो. एका जाडीचा सफेदा अंगभर फासला तर पक्षी कापून चिकटवल्यासारखा दिसतो. त्यामुळे छातीवर दाट, पंखांच्या घडीजवळ विरळ, आणि पिसांच्या कडांना अगदी फिकट राखाडी रेघ, असा तो चढवायचा असतो. गडद रंग मोजक्याच ठिकाणी येतात. या क्रौंचाच्या चेहऱ्यावरच्या उघड्या लाल कातडीवर सुरकुत्यासुद्धा आहेत. पांढऱ्या अंगाला डोळ्याने धरून ठेवायला तेवढा लाल पुरतो.

घरी करून पाहायचे तर चहाच्या पाण्याने कागद रंगवू नका, तो पुढे काळवंडतो. बदामी छटेचा, आम्लविरहित कागद विकत मिळतो, तो घ्या.

या क्रौंचाला शास्त्रीय नाव मिळाले १७७३ मध्ये, पीटर सायमन पालास या निसर्गशास्त्रज्ञाकडून. मन्सूरचे चित्र त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधीचे. भरतपूरला हिवाळ्यात येणारे हे पक्षी २००२ नंतर तिथे दिसलेले नाहीत.

७. तो प्राणी समोर ठेवून काढत असे की आठवणीतून?

शक्य तिथे समोर ठेवून. जहांगीरच्या आठवणींत याचे स्वच्छ दाखले आहेत. १६१९ मध्ये इराणच्या शाह अब्बासने पाठवलेला एक ससाणा वाटेत मांजराने जखमी केला आणि दरबारात आल्यावर थोड्याच दिवसांत मेला. त्याच्या पिसांवरच्या काळ्या खुणा बादशहाला इतक्या आवडल्या की त्याची प्रतिकृती काढून ठेवायला त्याने मन्सूरला सांगितले.

दुसरा दाखला मला अधिक बोलका वाटतो. १६२० मध्ये काश्मिरात जहांगीरने पाण्यात बुडी मारून बराच वेळ खाली राहणारा एक छोटा पक्षी पाहिला. आज त्याला डिपर म्हणतात. बादशहाला प्रश्न पडला की याच्या बोटांना बदकासारखे पडदे आहेत की ती जमिनीवरच्या पक्ष्यासारखी मोकळी आहेत. पक्षी पकडून आणवले, बोटे पाहिली, ती मोकळी निघाली. मग मन्सूरला चित्र काढायचा हुकूम झाला. मन्सूरच्या चित्रांत पाय इतके काळजीपूर्वक का असतात, याचे उत्तर या प्रसंगात आहे. पाहणाऱ्याला पायांबद्दल प्रश्न पडलेले होते.

समोर ठेवून काढणे म्हणजे एका बैठकीत पूर्ण करणे नव्हे. आधी कच्ची रेखाटने, मग चरब्याने, म्हणजे पारदर्शक कातड्यावर घेतलेल्या छापाने, रेषा वसलीवर उतरवायची, आणि त्यानंतर सावकाश रंग चढवायचे, असा चित्रशाळेचा शिरस्ता होता.

८. जवळपास सगळे प्राणी बाजूनेच का दिसतात?

ओळख सर्वांत जास्त बाजूने पटते म्हणून: चोचीची लांबी, मानेचा बाक, शेपटीची ठेवण, पायांचे प्रमाण, सगळे एकाच वेळी मोजता येते. मुघल दरबारात माणसांची व्यक्तिचित्रेही बहुतांशी बाजूनेच काढत. प्राण्याला त्याच रीतीने उभे करणे म्हणजे त्यालाही व्यक्तिचित्राचा मान देणे, असे मी समजते. आजची पक्ष्यांची मार्गदर्शक पुस्तकेही हीच बाजू निवडतात.

९. टर्की गोव्याहून आली होती, हे खरे का?

हो. जहांगीरने मुकर्रब खान या सरदाराला गोव्याला पाठवले होते. फिरंगी सांगतील ती किंमत देऊन दुर्मीळ वस्तू आणायच्या, असा हुकूम होता. १६१२ मध्ये त्याने आणलेल्या नजराण्यात अनेक अनोळखी प्राणी होते आणि त्यांत टर्की होती. मूळ अमेरिकेतला हा पक्षी पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्यात उतरला होता.

जहांगीरने त्याचे वर्णन बारकाईने केले आहे. लांडोरीपेक्षा मोठा, मोरापेक्षा लहान. माजावर आला की डोके आणि गळा क्षणोक्षणी रंग बदलतात, कधी पोवळ्यासारखे लाल, कधी कापसासारखे पांढरे, कधी फिरोजी. डोक्यावरचे मांस कधी हत्तीच्या सोंडेसारखे लोंबते, कधी वर आक्रसते. याच ठिकाणी त्याने म्हटले आहे की बाबराने प्राण्यांची वर्णने लिहिली पण चित्रे काढवून घेतली नाहीत. आपण मात्र दोन्ही करतो, म्हणजे नुसते ऐकून होणारे आश्चर्य पाहून वाढेल, असे तो लिहितो.

आता मन्सूरपुढची अडचण पाहा. रंग बदलणारा पक्षी एका स्थिर चित्रात कसा धरायचा? त्याने पिसारा फुलवलेला क्षण घेतला नाही. पक्षी शांत उभा आहे, मागे जवळपास काही नाही, आणि सगळी रंगाची श्रीमंती त्या डोक्यागळ्याच्या सुरकुतलेल्या कातडीवर खर्च केली आहे. हे चित्र व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

१०. झेब्र्याच्या चित्रावर काय लिहिले आहे? त्याला खेचर का म्हटले?

चित्रावर फारसीत नोंद आहे आणि ती खुद्द जहांगीरच्या हातची मानली जाते. मीर जाफर नावाच्या माणसाबरोबर आलेल्या रूमी (तुर्क) लोकांनी हबशाहून (इथिओपियाहून) आणलेले हे खेचर, चित्र नादिर-उल-अस्र उस्ताद मन्सूरचे, असा तिचा आशय. हिजरी सन १०३०, म्हणजे १६२१. दरबारात झेब्रा कोणी पाहिला नव्हता, म्हणून जवळच्या ओळखीच्या जनावरावरून त्याला हाक मारली.

हे पट्टे कोणीतरी रंगवले आहेत असा दरबारातल्या काहींना संशय आला. तपासणी झाली आणि पट्टे जन्मजात असल्याची खात्री पटली. पुढे बादशहाने हा प्राणी शाह अब्बासला भेट म्हणून पाठवायचे ठरवले. त्यामुळे या चित्राला साक्षीचे वजन आहे. मन्सूरने पट्टे सरसकट समांतर ओढलेले नाहीत. मानेवर, खांद्यावर, मांडीवर त्यांची दिशा आणि रुंदी बदलते. पट्टे शरीराचा गोलावा दाखवतात, म्हणून छायेची गरजच पडत नाही. मागे फिकट, जवळपास एकसंध रंग आहे. तिथे काही नक्षीदार असते तर पट्टे त्यात हरवले असते.

झेब्र्याच्या तोंडाला मोहरकी आहे आणि तो बांधलेला आहे. मुक्त प्राणी दाखवायला हवा होता, असे काही वाचक लिहितात. मला उलट वाटते. तो जनावरखान्यात बांधलेलाच उभा होता, आणि मन्सूरने ते झाकले नाही. त्याच्या जागी मनाने आफ्रिकेचे माळरान उभे करणे हे खोटे ठरले असते.

११. एकेक पीस मोजून रंगवले म्हणून ही चित्रे मोठी का?

नाही. बारीक काम चित्रशाळेतल्या अनेकांना येत होते. मन्सूरचे मोठेपण कुठे बारीक जायचे आणि कुठे थांबायचे यात आहे. त्याच्या पक्ष्यांत डोळा, चोचीचे मूळ आणि पाय इथे तपशील टोकाचा असतो. पोट आणि पाठीवर तो सैल होत जातो. सगळीकडे सारखाच तपशील भरला की पक्षी पेंढा भरल्यासारखा दिसतो.

१२. चिनाराच्या झाडावरच्या खारी मन्सूरच्या आहेत ना? तिथे तर पार्श्वभूमी भरलेली आहे.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले हे चित्र साधारण १६०५ ते १६०८ चे. शरदातला चिनार, सोनेरी पार्श्वभूमी, खारींची पळापळ आणि झाडावर चढू पाहणारा माणूस. चित्राच्या पाठीमागच्या नोंदीत ‘नादिर-उल-अस्र’ हा किताब असल्यामुळे मन्सूरचे नाव पुढे येते, पण बहुतेक अभ्यासक ते जहांगीरच्याच दरबारातल्या अबुल हसन या चित्रकाराचे मानतात. जहांगीरने त्याला ‘नादिर-उझ-जमान’ किताब दिला होता, आणि दोन्ही किताब सारखे वाटत असल्याने घोटाळा वाढतो. त्या खारी भारतातल्या पाठीवर पट्टे असलेल्या नाहीत, युरोपातल्या तांबड्या आहेत.

या चित्राकडे मी चांगला तोल म्हणून पाहते. तिथे प्रत्येक पान, प्रत्येक खार मिळून एक प्रसंग होतो, आणि सोनेरी रंग त्याला उत्सव बनवतो. प्रसंग हवा असेल तर भरलेली पार्श्वभूमीच योग्य. मन्सूरचा मानला जाणारा मोरलांडोरीचा देखावाही पूर्ण निसर्गदृश्यासह आहे. म्हणजे प्रश्न ३ मधले उत्तर नियम म्हणून पाठ करू नका.

१३. डोडोचे चित्र खरोखर मन्सूरचे आहे का?

त्यावर सही नाही. सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहातले हे चित्र १९५५ मध्ये अभ्यासकांच्या नजरेस आले आणि शैलीवरून ते मन्सूरचे मानले जाते. मधे डोडो, भोवती इतर पक्षी. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने त्या काळात सुरतेला दोन डोडो पाहिल्याचे लिहिले आहे, त्यामुळे मॉरिशसचा हा पक्षी मुघल चित्रकारासमोर येणे शक्य होते. डोडोची युरोपीय चित्रे पुष्कळ आहेत आणि त्यांतला पक्षी अनेकदा फुगवलेला, लठ्ठ दिसतो. इथला डोडो सडपातळ आहे, म्हणून पक्षिशास्त्रज्ञ या चित्राला मान देतात. लिहिताना मात्र ‘मन्सूरचे मानले जाणारे’ असेच लिहा.

१४. सही असेल तर चित्र त्याचेच ना?

खात्रीने नाही. चित्राखालचे नाव बहुधा चित्रशाळेतल्या किंवा ग्रंथालयातल्या लेखनिकाने लिहिलेले असते. दुसरी गुंतागुंत नकलांची. १९व्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीत जुन्या मुघल चित्रांच्या उत्तम नकला झाल्या, नावांसकट, आणि त्या अस्सल पानांबरोबर एकाच मुरक्क्यात बांधल्या गेल्या. वँटेज आणि केव्होर्कियन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या संग्रहांत दोन्ही काळांची पाने मिसळलेली आहेत. मी पाहताना आधी पाय पाहते. नकलाकाराने प्राणी पाहिलेला नसतो, त्याने चित्र पाहिलेले असते. त्यामुळे रेषा सुरेख येते, पण पायांवर शरीराचे वजन येत नाही.

१५. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी याच बादशहाच्या नावाची आहे का?

नाही. १९५२ मध्ये उघडलेली ती वास्तू सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून, त्यांच्या मुलाच्या स्मरणार्थ उभी राहिली.

१६. ही चित्रे कुठे पाहता येतील?

भारतात कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये क्रौंच आणि बंगाल फ्लोरिकन, म्हणजे तणमोर या माळरानावरच्या पक्ष्याचा बंगालकडचा भाईबंद, आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात १५९७-९८ ची बाबरनाम्याची प्रत आहे. काश्मिरात मन्सूरने शंभरावर फुले रंगवली असे जहांगीर लिहितो. त्यांपैकी तांबडा ट्यूलिप अलीगढच्या मौलाना आझाद ग्रंथालयात आहे. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात मुघल लघुचित्रांचा चांगला संग्रह आहे. परदाज आणि हाशिया समजून घ्यायला तो उत्तम. कागदावरचे रंग उजेडाने फिके होतात, म्हणून अशी पाने आलटून पालटून मांडतात. जाण्याआधी विचारून घ्या. लंडन आणि न्यू यॉर्कच्या संग्रहालयांनी आपापली मन्सूरची पाने संकेतस्थळांवर मोठ्या आकारात ठेवली आहेत.

१७. मी फोटोवरून पक्षी काढतो आणि मागे कोरे सोडतो. तरी ते मन्सूरसारखे वाटत नाही. काय कमी पडते?

फोटोत भिंगाने आधीच निवड केलेली असते. जवळचे स्पष्ट, मागचे धूसर, आणि उन्हाने एक बाजू उडालेली. ती सावली तुम्ही चित्रात आणता आणि मागचे मात्र पुसता. मग पक्ष्यावर ऊन पडलेले दिसते आणि ते ऊन कुठून आले ते दिसत नाही. मन्सूरच्या चित्रात दिशा असलेला प्रकाश नसतो, म्हणून त्याला कोरी जागा पेलते.

साळुंकी घ्या, ती सगळीकडे आहे. आधी काही दिवस रंग न घेता फक्त तिचे पाय आणि चोचीचे मूळ पेन्सिलीने काढा, खिडकीतून, जिवंत पक्षी पाहून. फोटो फक्त पिसांचा क्रम तपासायला वापरा. मग बदामी कागदावर एकसारख्या उजेडातली साळुंकी रंगवा, पायांखाली बोटभर जमीन द्या, आणि डोळ्यामागची पिवळी कातडी सगळ्यात शेवटी भरा.